छावणीतले मत : जमैकातील गुन्हेगारी, राजकारण आणि अर्थकारण

गेल्या वर्षी बी.ए.च्या वर्गात अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीविषयी बोलत होतो. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अमेरिकेत गोऱ्यांचे राज्य, म्हणून काळ्यांवर अन्याय, हे समजले. पण जमैकात तर बहुतेक सगळे काळेच. राज्य करणारा काळा, पोलीस काळा, मारणारा काळा, मरणाराही काळा. मग तिथे इतके खून का पडतात?"

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. पण त्याच्या पोटात एक उत्तर दडलेले होते आणि त्याने मी बेचैन झालो. ही माणसेच मुळात तशी असतील, हे ते उत्तर. आपल्याला ते नवे नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा हेच उत्तर कायद्याच्या भाषेत लिहिले होते. माणूस गुन्हा करतो असे न म्हणता माणूस गुन्हेगार जन्मतो असे एकदा म्हटले, की त्याची वस्ती, त्याची मजुरी, त्याचे मत यांचा हिशेब मांडण्याची गरजच उरत नाही.

हा हिशेब जमैकापुरता मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. जमैकातील हिंसा रक्तातून आलेली नाही. ती घराच्या किल्लीतून, मतपेटीतून आणि कर्जाच्या करारातून आली. ती कोणत्या साली, कोणत्या वस्तीत आणि कोणाच्या सोयीसाठी आली, हेही बऱ्याच अंशी सांगता येते.

बेट आणि त्याचे मालक

कॅरिबियन समुद्रातले हे बेट सुमारे २८ लाख वस्तीचे. आपल्याकडे ते क्रिकेटमुळे माहीत आहे. १९७१ साली किंग्स्टनच्या सबिना पार्कवर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, ही आठवण आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक अजून सांगतात. त्याच किंग्स्टनच्या पश्चिम भागात त्या सुमारास काय उभे राहत होते, ते मात्र रेडिओवरच्या समालोचनात येण्याचे कारण नव्हते.

१६५५ साली इंग्रजांनी हे बेट स्पेनकडून जिंकले आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे विकत आणली. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा जमैकात तीन लाखांहून अधिक गुलाम होते. उमेदवारीच्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे मळ्यांवर राबवून घेण्यात आले. खरी मोकळीक १८३८ साली मिळाली. या वेळी ब्रिटिश सरकारने साऱ्या साम्राज्यासाठी दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना. ज्यांच्या पिढ्या राबून मेल्या, त्यांच्या हाती एक छदामही पडला नाही, जमिनीचा तुकडाही नाही. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटिश खजिन्याने २०१५ साली फेडला. म्हणजे मालकांना दिलेल्या पैशांचा हिशेब १८० वर्षे नीट ठेवला गेला. गुलामांच्या श्रमाचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

१८६५ साली मोरंट बे येथे पॉल बोगल या बाप्टिस्ट धर्मसेवकाच्या नेतृत्वाखाली भूमिहीन शेतकरी न्यायासाठी उठले. गव्हर्नर एअरने लष्कर पाठवले. चारशेहून अधिक माणसे मारली गेली, शेकडोंना फटके मारले, घरे जाळली, बोगलला फाशी दिले. त्यानंतर बेटावरच्या मळेवाल्यांनी आपली जुनी विधानसभा स्वतःच विसर्जित केली आणि कारभार थेट ब्रिटिश राजसत्तेकडे सोपवला. उद्या काळ्यांचे बहुमत सभागृहात आले तर काय, या भीतीपुढे त्यांना स्वतःचे लोकशाही अधिकारही नकोसे झाले.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातली पहिली चूक इथे दिसते. जमैकात 'सगळे काळेच' हे वरवर खरे आहे. प्रत्यक्षात तिथे रंगाची उतरंड आहे. वर मूठभर गोरे, नंतर सिरिया-लेबनॉनमधून आणि चीनमधून आलेले व्यापारी, मग मिश्र रक्ताचे गव्हाळ वर्णाचे शिकलेले लोक, आणि तळाशी काळ्या रंगाचे कष्टकरी. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीकडे पाहून समाधान मानतो. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे ज्यांना बाबासाहेबांनी शिकवले, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

दोन पक्ष, दोन युनियन

१९३८ साली फ्रोमच्या साखर कारखान्यावर आणि किंग्स्टनच्या गोदीत कामगारांचा मोठा उठाव झाला. त्यातून दोन नेते पुढे आले. एक अलेक्झांडर बुस्तामांते, दुसरे बॅरिस्टर नॉर्मन मॅन्ली; नात्याने दोघे भाऊबंदच. मॅन्ली यांनी त्याच वर्षी पीपल्स नॅशनल पार्टी काढली. बुस्तामांते यांनी आधी स्वतःच्या नावाची कामगार संघटना आणि १९४३ साली जमैका लेबर पार्टी उभी केली. १९४४ साली सर्व प्रौढांना मताचा अधिकार मिळाला आणि ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला.

दोन्ही पक्ष कामगारांच्या पोटी जन्मले हे खरे. पण प्रत्येक पक्षाची वेगळी युनियन, आणि काम मिळायचे ते युनियनच्या ओळखीने. गोदीत, रस्त्याच्या कामावर, सरकारी बांधकामावर कोण लागणार हे पक्ष ठरवू लागला. त्यामुळे गरिबाचे भांडण मालकाशी न होता शेजारच्या गरिबाशी होऊ लागले, कारण त्याचा पक्ष आला तर याचे काम जाणार होते. सभांतून दगड, काठ्या, बाटल्या चालू लागल्या त्या १९४० च्या दशकातच.

तरीही एक आकडा ध्यानात ठेवावा. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९६२ साली, साऱ्या जमैकात पडलेले खून साठच्या आसपास होते. २००९ साली ते १६०० च्या वर गेले. लोक तेच, रक्त तेच. मधल्या ४७ वर्षांत काहीतरी घडवले गेले, असे म्हणणे भाग आहे.

घराची किल्ली

पश्चिम किंग्स्टनमध्ये 'बॅक ओ वॉल' नावाची झोपडपट्टी होती. पत्रे, खोकी, फळकुटे यांची घरे. शेकडो माणसांत एखाद-दुसरा नळ. खेड्यातून जमीन न मिळालेले लोक तिथे येऊन पडत. १९६२ साली या मतदारसंघातून लेबर पार्टीचे एडवर्ड सियागा निवडून आले. ते लेबनीज वंशाच्या सुखवस्तू घरातले, हार्वर्डमध्ये शिकलेले, आणि विकासमंत्री झालेले. त्यांच्या खात्याने ही वस्ती बुलडोझर लावून पाडली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास तिथे टिव्होली गार्डन्स नावाची नवी वसाहत उभी केली. पक्की घरे, नळ, शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान, सभागृह. पाहणाऱ्याला आदर्श वाटावी अशी.

प्रश्न एकच होता. घरे कोणाला? मूळच्या झोपडीवाल्यांपैकी विरोधी पक्षाचे जे होते ते बाहेर फेकले गेले. घरे मिळाली लेबर पार्टीच्या माणसांना. पुढे १९७० च्या दशकात नॅशनल पार्टीचे सरकार आले तेव्हा त्यांच्या गृहनिर्माणमंत्र्यांनी आर्नेट गार्डन्ससारख्या वसाहती उभ्या करून तोच कित्ता गिरवला. अशा वसाहतींना तिथे 'गॅरिसन' म्हणतात. गॅरिसन म्हणजे लष्करी छावणी. वेस्ट इंडीज विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ कार्ल स्टोन यांनी या व्यवस्थेची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली आणि ही संज्ञा अभ्यासात रूढ झाली.

छावणीचे काम कसे चालते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. घर पक्षाने दिलेले, म्हणून भाडे बहुधा कोणी मागत नाही. वीज आकड्याची, पाणी फुकट. रस्त्याचे, गटाराचे काम निघाले की मजूर याच वसाहतीतले. या बदल्यात एकच गोष्ट द्यायची, मत. आणि ते एकट्याने द्यायचे नसते, साऱ्या वसाहतीने मिळून द्यायचे असते. निवडणुकीत कित्येक पेट्यांतून विरोधी उमेदवाराचे एकही मत निघत नसे. कधी कधी नोंदलेल्या मतदारांपेक्षा मतेच जास्त निघत. न्यायमूर्ती जेम्स कर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने १९९७ साली आपल्या अहवालात या 'राजकीय टोळीवादा'ची नोंद केली आहे. ज्याला वेगळे मत द्यायचे असेल त्याने सामान उचलावे. नाहीतर त्याचे घर जळे.

घर हा माणसाचा हक्क. पण हक्क कृपा म्हणून हाती आला, की घेणारा नागरिक राहत नाही, आश्रित होतो. आश्रिताला राखणदार लागतो, आणि राखणदाराच्या हाती शस्त्र द्यावे लागते. १९६६ साली पश्चिम किंग्स्टनमध्ये पक्षांच्या टोळ्यांची लढाई इतकी पेटली की आणीबाणी पुकारावी लागली. स्वातंत्र्याला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती.

बॉक्साइट, नाणेनिधी आणि बंदुका

१९७२ साली नॉर्मन मॅन्ली यांचे पुत्र मायकेल मॅन्ली पंतप्रधान झाले. त्यांच्या कामाचे मोल कमी लेखू नये. शिक्षण मोफत केले, साक्षरतेची मोहीम काढली, किमान वेतन ठरवले, आणि लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांवरचा अनौरसपणाचा कायदेशीर कलंक १९७६ साली पुसून टाकला. बेटावर ॲल्युमिनियमचे खनिज म्हणजे बॉक्साइट विपुल. अमेरिका-कॅनडाच्या कंपन्या ते क्षुल्लक रॉयल्टी देऊन नेत. १९७४ साली मॅन्ली सरकारने ॲल्युमिनियमच्या बाजारभावाच्या साडेसात टक्के एवढा कर त्यावर बसवला. सरकारचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले. कंपन्यांनी उत्पादन हळूहळू दुसऱ्या देशांकडे वळवले. मॅन्ली यांची क्यूबाशी मैत्रीही वॉशिंग्टनला खुपत होती.

१९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या होत्याच. परदेशी चलन आटले, भांडवलवाले पैसा घेऊन मायामीला गेले, दुकानांतून तांदूळ, पीठ, साबण दिसेनासे झाले. १९७७ साली सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावे लागले. निधीच्या अटी ठरलेल्या : चलनाचे अवमूल्यन करा, मजुरीवाढ रोखा, सरकारी खर्च छाटा. मजुरी बांधली गेली आणि महागाई मोकळी सुटली. ज्या कामगारांनी मॅन्ली यांना डोक्यावर घेतले होते त्यांच्याच ताटातला घास त्यांच्या सरकारला कमी करावा लागला. १९८० साली सरकारने निधीशी बोलणी तोडली, पण तोवर उशीर झाला होता.

पैसा आटला की कृपा वाटणारा हात आखडतो आणि बंदूक पुढे येते. १९७४ साली बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी खास न्यायालय काढून अनिश्चित मुदतीची कैद ठेवण्यात आली; त्यातला काही भाग लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुढे घटनाबाह्य ठरवला. १९७६ साली पुन्हा आणीबाणी आली. त्या वर्षी डिसेंबरात गायक बॉब मार्ली यांच्या घरात शिरून बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. ५ जानेवारी १९७८ रोजी ग्रीन बे येथील लष्करी मैदानावर लेबर पार्टीच्या भागातल्या तरुणांना काम देतो सांगून नेले आणि सैनिकांनी त्यांतले पाच ठार मारले. कामाचे आमिष हेच गरिबाला मारण्याचे जाळे झाले.

त्याच जानेवारीत एक विलक्षण गोष्ट घडली. दोन्ही पक्षांचे टोळीप्रमुख, क्लॉडी मॅसप आणि बकी मार्शल, यांनी आपसांत तह केला. आपण दोघेही उपाशी, मग एकमेकांना मारतो कशासाठी, हा प्रश्न छावणीतल्या माणसांनी प्रथमच मोठ्याने विचारला. २२ एप्रिल १९७८ च्या शांतता-जलशात बॉब मार्ली यांनी मॅन्ली आणि सियागा यांना मंचावर बोलावून दोघांचे हात आपल्या हातांत उंच धरले. ते छायाचित्र जगभर गेले. त्या छायाचित्रामागचे पुढचे पान फारसे कोणी वाचत नाही. १९७९ च्या फेब्रुवारीत मॅसप पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. १९८० साली मार्शल न्यूयॉर्कमध्ये मारला गेला. तह मोडला. वरच्या दोन नेत्यांचे हात क्षणभर जुळले, पण खालच्या दोघांचे जुळलेले हात टिकू दिले गेले नाहीत. ते टिकले असते तर छावण्यांची गरजच संपली असती.

३० ऑक्टोबर १९८० च्या निवडणुकीच्या त्या वर्षात आठशेहून अधिक माणसे मारली गेली. सियागा यांच्या पक्षाला ६० पैकी ५१ जागा मिळाल्या.

पक्षाचा गुंड ते डॉन

आपल्याकडे मुंबईत जो शब्द आहे तोच तिथे आहे, डॉन. पण तिथल्या डॉनचा जन्म नीट पाहावा. १९८० च्या दशकात नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या अटींखाली सरकारी नोकऱ्या आणि खर्च छाटले गेले. आमदाराच्या हाती वाटायला पूर्वीसारखे काही राहिले नाही. त्याच काळात दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेकडे जाणारे कोकेन या बेटावरून जाऊ लागले. निवडणुकीत कामाला आलेले बंदूकधारी मायामी-न्यूयॉर्कला पोचले आणि डॉलर कमावू लागले. टिव्होलीच्या लेस्टर लॉईड कोकची 'शॉवर पॉसी' ही टोळी यांतली सर्वांत कुप्रसिद्ध. काल जो पक्षाकडे हात पसरत होता, आज पक्षच त्याच्याकडे हात पसरू लागला.

डॉन नुसता गुंड नसतो. मुलांच्या शाळेची फी तो देतो, म्हातारीचे औषध आणतो, चोराला शिक्षा करतो, भांडणाचा निवाडा करतो. बाजारातल्या दुकानदारांकडून खंडणीही तोच घेतो. सरकारने जे करायचे ते सरकारने केले नाही, म्हणून ती जागा त्याने घेतली. त्याच्या न्यायालयात अपील मात्र नसते, आणि वस्तीतल्या मुलींना त्याच्या माणसांपुढे नकार देण्याची सोय नसते. त्याला 'गरिबांचा कैवारी' म्हणणाऱ्यांनी हेही लिहावे.

१९९२ साली लेस्टर कोक तुरुंगातील कोठडीत आगीत मेला. त्याचा मुलगा क्रिस्टोफर, ऊर्फ 'डुडस', गादीवर आला. त्याच्या कंपनीला सरकारी बांधकामांची कंत्राटे मिळत. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेने त्याला ताब्यात मागितले. तेव्हाचे पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग हे स्वतः पश्चिम किंग्स्टनचेच आमदार. नऊ महिने त्यांनी चालढकल केली. वॉशिंग्टनमधल्या एका वकिली संस्थेकडून रदबदलीचा प्रयत्न झाल्याचेही उघड झाले. शेवटी मे २०१० मध्ये अटकेचा आदेश निघाला. टिव्होलीच्या बायका पांढरे कपडे घालून डॉनच्या बाजूने मोर्चाने रस्त्यावर आल्या. टीव्हीवर ते पाहून पुष्कळ सुशिक्षित जमैकन हसले असतील. मला हसू आले नाही. ज्या बाईच्या मुलाची फी सरकारने कधी भरली नाही, तिने कोणासाठी मोर्चा काढावा?

२४ मे रोजी पोलीस आणि लष्कर वसाहतीत घुसले. उखळी तोफांचे गोळे डागले गेले. आधी ते नाकारले, मग कबूल करावे लागले. २०१६ साली आलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानुसार किमान ६९ नागरिक मारले गेले. आयोगाने काही मृत्यूंबाबत सुरक्षा दलांवर गंभीर ठपका ठेवला. डॉन तिथे सापडला नाही. तो २२ जूनला एका धर्मगुरूच्या गाडीत पकडला गेला, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला २३ वर्षांची शिक्षा दिली. गोल्डिंग २०११ साली पायउतार झाले. २०१७ साली पंतप्रधान अँड्रू होलनेस यांनी संसदेत टिव्होलीच्या लोकांची माफी मागितली. मोरंट बेपासून टिव्होलीपर्यंत १४५ वर्षे झाली. मधल्या काळात झेंडा बदलला, राज्यकर्त्यांचा रंग बदलला. बंदुकीच्या नळीपुढे उभा असलेला माणूस मात्र तोच राहिला.

कर्जाचा हिशेब

आता अर्थकारणाकडे पुन्हा वळू. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात एक अमेरिकी डॉलर घ्यायला एक जमैकन डॉलरसुद्धा लागत नसे. आज दीडशेहून अधिक लागतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास तिथल्या बँका आणि विमा कंपन्या कोसळल्या. त्यांना सावरण्याचा खर्च वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या घरात गेला आणि तो सरकारी कर्जात जमा झाला. कित्येक वर्षे अंदाजपत्रकाचा जवळजवळ अर्धा भाग कर्ज आणि व्याज फेडण्यात जाई. शाळा, दवाखाने, पोलिसांचे प्रशिक्षण यांना उरलेले पुरवायचे.

२०१३ साली हे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या १४० टक्क्यांच्या वर होते. त्या वर्षी नाणेनिधीशी नवा करार झाला आणि मग दोन्ही पक्षांनी, सरकार बदलले तरी, कर्ज उतरवण्याचे धोरण चालू ठेवले. आज ते प्रमाण निम्म्याहून खाली आले आहे; बेकारीचा दर चार टक्क्यांच्या आसपास आला आहे. जगभरचे अर्थतज्ज्ञ जमैकाचे कौतुक करतात, आणि ते अगदीच खोटे नाही. पण या कर्जफेडीची किंमत कोणी दिली? शिक्षकांनी, परिचारिकांनी, पोलिसांनी, ज्यांचे पगार वर्षानुवर्षे गोठवले गेले. आणि परदेशी घरकाम, दवाखान्यांतली शुश्रूषा, शेतमजुरी करून घरी पैसे पाठवणाऱ्या बायाबापड्यांनी. देशाच्या उत्पन्नाचा सुमारे सहावा हिस्सा या मनिऑर्डरींचा आहे. आई परदेशी आणि तिने पिंपात भरून पाठवलेले कपडे-खाऊ घरी, अशा मुलांना तिथे 'पिंपातली मुले' म्हणतात. टोळीला पोरे कोठून मिळतात, याचे एक उत्तर या पिंपाशेजारी सापडते.

मायबाप पक्ष गेला, मोठा डॉन गेला, पण बंदुका उरल्या. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेतून चोरट्या मार्गाने येतात. बेटावर बंदुकीचा कारखाना नाही. टोळ्या लहान लहान झाल्या. पर्यटकांच्या माँटेगो बे शहराभोवती दूरध्वनीवरून अमेरिकी म्हाताऱ्यांना लॉटरी लागल्याची थाप मारून लुबाडण्याचा धंदा वाढला आणि त्या पैशांवरून २०१७ साली त्या एका जिल्ह्यात तीनशेहून अधिक खून पडले. पुन्हा विशेष कारवाईचे विभाग, पुन्हा आणीबाणी.

गेल्या दोन वर्षांत चित्र बदलले आहे. २०२३ साली १३०० हून अधिक असलेले खून २०२५ साली सातशेच्या खाली आले. तीसेक वर्षांत एवढा कमी आकडा नव्हता. त्याचे स्वागतच केले पाहिजे. वाचलेला प्रत्येक जीव गरीब वस्तीतला आहे. मात्र त्याच वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. टोळीच्या हातून होणारे मरण सरकारच्या हातात गेले, एवढाच जर बदल असेल तर तो अर्धाच बदल आहे. आणि २८ ऑक्टोबर २०२५ च्या 'मेलिसा' वादळाने बेटाच्या पश्चिम भागातली घरेदारे मोडून राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या घरात नुकसान केले. पुन्हा घरे बांधायची आहेत. पुन्हा तोच प्रश्न उभा आहे. किल्ली कोणाला?

पत्ता

जमैकाविषयी वाचताना एका गोष्टीपाशी मी थांबलो. छावणीतली मुले नोकरीच्या अर्जावर खरा पत्ता लिहीत नाहीत. टिव्होली किंवा आर्नेट गार्डन्स असे दिसले की अर्ज बाजूला पडतो. मग मावशीचा, ओळखीच्याचा, दुसऱ्या भागातला पत्ता द्यायचा.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत एका सद्गृहस्थांनी अर्जावरचे माझ्या वस्तीचे नाव मोठ्याने वाचले आणि शेजारच्यांकडे पाहून हसले. पुढच्या अर्जावर मी मावशीचा पत्ता घातला. नोकरी लागली. तो पत्ता आजही कुठल्यातरी फाइलीत असेल. म्हणून त्या मुलांची गोष्ट मला दूरची वाटली नाही.

पण साम्य दिसले म्हणून दोन गोष्टी एक करू नयेत. जात आणि वर्ण यांची घडण वेगळी, आपला इतिहास वेगळा. घेण्यासारखे आहे ते एवढेच : २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी जो इशारा दिला, की मताची समानता आणि पोटाची विषमता एका घरात फार काळ नांदू शकणार नाहीत, त्याचा पुरावा एका लहानशा बेटाने रक्ताने लिहून ठेवला आहे. मत सर्वांना मिळाले १९४४ साली. जमीन, घर, काम हे मात्र मताच्या बदल्यात विकत घ्यावे लागले. याच भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयीही त्यांनी सावध केले होते. छावणी ही त्या भक्तीची वसाहत आहे.

आज जमैकात काय होते आहे, तेही पाहावे. २०२० च्या निवडणुकीत ३८ टक्के मतदारसुद्धा मतदानाला आले नाहीत, २०२५ साली चाळीसच्या आसपास आले. पूर्वी मत न देणाऱ्याचे घर जळे. आता मत देऊन उपयोग नाही असे वाटून लोक घरी बसतात. छावणी मोडल्यावर तिथे नागरिक उभा राहायला हवा होता, तो अजून उभा राहायचा आहे. त्यासाठी कोणाला ना कोणाला १९७८ च्या त्या दोन माणसांचे काम पुन्हा हाती घ्यावे लागेल. मंचावर हात धरणे सोपे असते. त्यांनी गल्लीत धरले होते.

त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले, की मारणारा आणि मरणारा एकाच रंगाचे दिसले म्हणजे तपास संपत नाही. त्या दोघांना एकाच गल्लीत समोरासमोर कोणी उभे केले, आणि घराची किल्ली कोणाच्या खिशात होती, हे विचारायचे. त्याने वहीत ते लिहून घेतले. मग म्हणाला, "सर, आमच्या वस्तीतल्या घरांची यादी पण नगरसेवकाच्याच खिशात असते." मी म्हणालो, "मग तिथूनच सुरुवात कर."